पाच खणांतली मोकळी जागा

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याला सुपाएवढी जागा पुरते आणि जातो तेव्हा साडेतीन हात. या दोन टोकांच्या मधल्या काळाला संतांनी संसार म्हटले आहे आणि घरमालकांनी भाडेकरार. संतांचे म्हणणे असे की ही काया हेच भाड्याचे घर. मालक सांगेल त्या दिवशी मुकाट्याने रिकामे करावे. एवढे सांगून संतमंडळी पुढच्या गावाला निघून जात. त्यामुळे कायेशिवाय जे दुसरे भाड्याचे घर लागते ते एक खणी घ्यावे, तीन खणी घ्यावे की पाच खणी, याविषयी त्यांनी काहीच सांगून ठेवलेले नाही. ही उणीव नागपुरात नत्थूजींनी भरून काढली.

नत्थूजी इमारती लाकडाचे व्यापारी. राजधानी म्हटली की कचेऱ्या आल्या, कचेऱ्या म्हटल्या की कारकून आले, आणि कारकुनाला पाच वाजल्यानंतर कुठेतरी ठेवावे लागते, ही गोष्ट मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारच्या आधी त्यांच्या ध्यानात आली. १९३६च्या सुमारास त्यांनी सीताबर्डीच्या मागच्या अंगाला एक दुमजली इमारत उठवली, तिला आपल्या आईचे नाव दिले (आई स्वतः उमरेडला धाकट्या भावाकडे असत) आणि आतल्या जागांचे तीन वर्ग पाडले.

दोन खांबांच्या मधल्या जागेला खण म्हणतात. नत्थूजींनी खांब जरा जवळजवळ रोवले. त्यामुळे तेवढ्याच जमिनीत खण पुष्कळ झाले आणि राहणाऱ्यांना आपण ऐसपैस राहतो असे वाटू लागले. लाकूड त्यांचेच असल्याने दोन्ही बाजूंनी फायदा झाला.

पहिला वर्ग एक खणीचा. ही जागा तळमजल्यावर, अंगणाकडे तोंड करून. इथला माणूस नुसता राहतो. दुसरा वर्ग तीन खणीचा. जिना चढून गेले की लागतो, आणि तिथे माणसाचे बिऱ्हाड असते. तिसरा वर्ग पाच खणीचा. हा रस्त्याच्या अंगाला, पुढे गॅलरी, मागे स्वतंत्र जिना. इथे मंडळी वास्तव्यास असतात. एक खणीवाले दार सताड उघडे ठेवतात, तीन खणीवाले लोटून घेतात आणि पाच खणीवाले आतून कडी लावतात. शेजाऱ्याचे नाव विचारले असता शंभरांपैकी ब्याण्णव पाच खणीवाल्यांना ते सांगता आले नाही. उरलेल्या आठांनी चुकीचे सांगितले. (इमारतीत पाच खणी जागा चारच होत्या. शंभर हा आकडा पाहणीच्या प्रतिष्ठेसाठी घेतला आहे.)

जागा दाखवण्याचे काम रुपराव मुनीमजींकडे असे. येणाऱ्याला ते एकच प्रश्न विचारीत, “राहाले पाहता का दाखवाले?” उत्तराप्रमाणे ते गिऱ्हाइकाला तळमजल्यावर नेत किंवा जिना चढायला लावत. प्रश्न उद्धट आहे अशी तक्रार मालकांकडे गेली होती. मालकांनी रीतसर चौकशी केली आणि प्रश्नामुळे वेळ वाचतो असे आढळल्यावरून तो कायम केला.

त्या दिवशी रुपरावांसमोर चंपतराव उभे होते. बाजूला त्यांची बायको देवकी आणि आठ वर्षांची मुलगी नीला.

“राहाले पाहता का दाखवाले?”

“आमच्या आई यायच्या आहेत, कायमच्या,” चंपतराव म्हणाले. “त्यांच्यासाठी मोठी जागा पाहतो आहे.”

हे उत्तर दोन्ही वर्गांत बसेना. रुपरावांनी डोके खाजवले. “मंग चला. सगळ्याच पाहून घ्या.”

चंपतराव सावनेरकडच्या खापा गावचे. घरात माग होता. बाप लौकर गेला, तेव्हा आई जनाबाई स्वतः मागावर बसली आणि पोराला मॅट्रिक करून तिने सरकारी कचेरीत चिकटवला. आता तिच्या डोळ्यांना तुटलेला धागा दिसेना. माग पुतण्याच्या हवाली करून ती पोराकडे येणार, असे ठरले होते. आजवर चंपतराव इतवारीत एका खोलीत राहत. आई चार दिवसांसाठी येई तेव्हा नीलाच्या शेजारी गोधडी पसरून झोपे. सकाळी गोधडी गुंडाळली की आई होती ती जागा पुन्हा स्वयंपाकघर होई, दुपारी तेच नीलाचे अभ्यासाचे ठिकाण, आणि संध्याकाळी चार माणसे भजनाला बसली तर तेच देऊळ. कुणाला अडचण झाल्याची नोंद नाही. परंतु चार दिवस आणि कायमचे यांत फरक आहे. आई कायमची यायची तर तिला तिची जागा हवी. चंपतराव सज्जन होते, आईवर त्यांचा जीव होता, हे इथे मुद्दाम सांगणे भाग आहे. कारण पुढे जे काही घडले ते सगळे याच कारणामुळे.

एक खणी पाहून देवकी तिथेच रेंगाळली. “अंगण हाय, नळ जवळ हाय, ऊन येते,” ती सासूबाईंच्या विचाराने हळूच म्हणाली. “आत्याबाईले बरं पडन.”

“आईला एका खणात ठेवायची?” चंपतराव दुखावले. “लोक काय म्हणतील?”

मग तीन खणी पाहिली. इथे चंपतरावांनी जो हिशेब मांडला तो कचेरीत असता तर त्यांना बढती मिळाली असती. घरात एकाहून जास्त खोल्या असतील तर त्यांतली एक बैठक असलीच पाहिजे. एक स्वयंपाकघर. राहिला एक खण, त्यात चौघे. म्हणजे इतवारीतलीच खोली, फक्त जिना चढून. तेव्हा तीन खणी बाद.

पाच खणीत पाच होते. एक बैठक. बैठक आली की पाहुणा विचारतो, तुम्ही कचेरीचे काम कुठे करता? म्हणून एक टेबल-खुर्चीची खोली. बैठकीत शोभत नाहीत अशा वस्तू कुठेतरी ठेवाव्या लागतात, त्यांची एक. एक स्वयंपाकघर. राहिला एक खण, त्यात चौघे.

सूक्ष्म बुद्धीच्या वाचकाच्या ध्यानात एव्हाना आलेच असेल की जागा कितीही खणांची घ्या, माणसांच्या वाट्याला एकच येतो. बाकीचे खण वाढतात ते सामानाचे आणि अपेक्षांचे. मात्र ही गोष्ट पाच खणी घेऊन राहायला गेल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावर सांगायची लाज वाटते, म्हणून पाच खणी जागांना गिऱ्हाईक नेहमी असते.

चंपतरावांनी पाच खणी घेतली.

आता बैठकीबद्दल. चंपतरावांच्या कचेरीचे सुपरिंटेंडेंट गणपतरावसाहेब धंतोलीत राहत. एकदा कचेरीच्या जिन्यावर भेटले असता ते म्हणाले होते, “अरे वा, जागा बदलता? येऊ एकदा तुमच्याकडे!” (हे वाक्य ते सर्वांनाच म्हणत. शिपायालाही एकदा म्हणून गेले होते. त्याने बिचाऱ्याने दोन कपबशा विकत आणल्या.) चंपतरावांनी ते वाक्य घरी आणले आणि बैठकीत बसवले. त्या वाक्याला बसायला एक कोच लागला. कोच एकटा बरा दिसेना म्हणून दोन खुर्च्या आल्या. खुर्च्यांपुढे जाजम आले, जाजमावर पाय पडू नये म्हणून त्यावर चादर आली, कोचावर धूळ बसू नये म्हणून खोळ आली. भिंतीला काचेचे कपाट आले, त्यात कपबशा आल्या. घरात कुणीच हॅट घालत नसल्यामुळे हॅट अडकवायचा स्टँड तेवढा रिकामा उभा राहिला. पण साहेब घालत असत.

बैठकीचे नियम चंपतरावांनी लिहिले नाहीत, नुसते सांगितले. बैठकीत बसू नये. कारणाशिवाय जाऊ नये, आणि कारण तर काही नसतेच. तिथे खाऊ नये, बोलताना जोरात बोलू नये. फोडणीचा वास पुढे जातो, तेव्हा दार लावून फोडणी द्यावी आणि शक्यतो फोडणी न लागणारे पदार्थ करावे. नीलाने फक्त रविवारी दारातून पाहावे.

जनाबाई आल्या त्या सावनेरच्या गाडीने. स्टेशनापासून टांगा. हातात एक गाठोडे, बोचक्यात बांधलेला सुताच्या कांड्या भरायचा रहाट, आणि डब्यात पोरासाठी तिळाचे लाडू. टांगा पुढच्या दाराशी थांबला. जनाबाई उतरल्या, वर गॅलरीकडे पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि अनवाण्या धुळीच्या पायांनी पुढच्या जिन्याची पहिली पायरी चढल्या.

पुढचा जिना वर थेट बैठकीत निघे, आणि तिथे जाजम पसरलेले होते.

“आई, इकडून ये,” चंपतरावांनी त्यांचा हात धरला. “मागच्या जिन्यानं. जवळ पडतं.”

(मागचा जिना सगळ्या इमारतीला वळसा घालून होता.)

वर आल्यावर जनाबाईंनी सगळे खण फिरून पाहिले. खण त्यांनी डोळ्यांनी मोजले नाहीत. कोष्ट्याच्या घरात जागा मोजायची एक रीत आहे. मागावर बसल्यासारखे बसायचे, पाय सैल सोडायचे आणि हात डावी-उजवीकडे झुलवायचा. आडवे सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आडकाठीशिवाय जाईल एवढी जागा असली की झाले. पाचांपैकी चार खणांत जनाबाईंचा हात कशाला ना कशाला लागला. पाचव्यात, म्हणजे बैठकीत, त्यांना जाऊ दिले नाही. त्या दारातूनच पाहू लागल्या.

“हे कोनाचं हाय गा?” त्यांनी खोळ घातलेल्या कोचाकडे बोट केले.

“साहेबांसाठी आहे. गणपतरावसाहेब.”

“ते कोठी निजते?”

“ते इथं राहत नाहीत, आई. त्यांच्या घरी राहतात.”

“मंग त्याइचं सामान काहून इथं?”

चंपतराव हसले. खाप्याच्या माणसाला शहरातले एकदम कळत नाही, असे त्यांनी मनाशी म्हटले आणि पुढे देवकीजवळही म्हटले. देवकीही खाप्याजवळचीच होती.

उरलेल्या एका खणात चौघे निजायचे ठरले होते, पण पाच खणीतली माणसे जमिनीवर निजत नाहीत, असे कचेरीतल्या एकाने सांगितल्यावरून आई यायच्या आधीच तिथे शिसवी पलंग आला होता. पलंगाने खण भरला. पलंगावर चंपतराव आणि देवकी. पलंगाच्या आणि भिंतीच्या फटीत नीला. आईची गोधडी मागच्या जिन्याच्या तोंडाशी, सरपणाच्या शेजारी पसरली. “तुला मोकळी हवा लागते ना, आई,” चंपतराव म्हणाले. आणि हे त्यांना मनापासून खरे वाटले, ही या प्रकरणातली सगळ्यांत हृदयस्पर्शी गोष्ट.

जनाबाई पहाटे उठत, रहाट लावत आणि कांड्या भरता भरता देवाचे गुणगुणत. इतवारीतला एक कोष्टी त्यांना सूत आणून देई. रहाटाची घरघर बैठकीपर्यंत जाते असे आढळून आले. रहाट बोचक्यात गेला. गुणगुणणेही जाते असे आढळले. तेही बंद झाले. एरवी जनाबाईंची काही तक्रार नव्हती. त्यांची मागणी एकच होती, आणि ती जुनी होती.

पोरगा मॅट्रिक झाला तेव्हा त्या नवस बोलल्या होत्या की पोराच्या घरी, नागपुरात, जागेश्वरबुवांचे कीर्तन करीन. बोललेले फेडायचे राहिले होते. एकादशी जवळ आली तेव्हा त्यांनी गोष्ट काढली.

“चंपत, बुवाले निरोप धाडू का? तुया घरी कीर्तन कराचं हाय.”

चंपतरावांनी विचार केला, आणि तोही सर्व बाजूंनी. ज्यांनी कीर्तने ऐकली आहेत त्यांना ठाऊक आहे की बुवा एका जागी उभे राहत नाहीत. निरूपण रंगले की पुढे येतात, देव रुसला की मागे सरतात; त्यांना मोकळी जागा लागते. मोकळी जागा म्हणजे बैठक. बैठकीतून कोच हलवावा लागेल. कोच आत आणताना दाराची चौकट काढली होती. श्रोते जाजमावर बसतील. श्रोत्यांत इतवारीचे कोष्टी येतील आणि त्यांच्या तोंडात पान असेल. झांज वाजली की कपाटाच्या काचा वाजतील आणि काचांच्या मागे कपबशा. शिवाय, ऐन कीर्तनात साहेब आले तर त्यांना कुठे बसवायचे?

“आई, पुढल्या वर्षी पाहू. साहेब एकदा येऊन गेले की मग.”

“साहेब कवा येते?”

“ते सांगता येत नाही.”

“देवाचंही तसंच असते,” जनाबाई म्हणाल्या. “पन त्यासाठी आमी कोच नाही घेतला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाठोडे बांधले. “मी खाप्याले चालली,” त्या देवकीला म्हणाल्या. “तू रडू नको वं. घर चांगलं हाय. फकस्त भरलं हाय.” चंपतराव कचेरीची टोपी घालून मागच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. आईला थांबवावे असे त्यांना फार वाटत होते. पण थांबवायचे तर कुठे थांबवायचे, हे त्यांना सांगता येईना. पाच खण त्यांनी डोळ्यांपुढे फिरवून पाहिले. सगळीकडे काही ना काही होते.

जनाबाई जिना उतरल्या, अंगण ओलांडू लागल्या. तळमजल्यावरची एक खणी रिकामी होती, दार उघडे होते, आत ऊन आले होते. त्या थबकल्या. गाठोडे खाली ठेवले, आत गेल्या, मधोमध मागावर बसल्यासारख्या बसल्या आणि हात झुलवला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कशालाच लागला नाही.

“मुनीमजी!” त्यांनी हाक मारली. रुपराव आले. “हे भाड्यानं देता काय?”

“माणसं किती, बाई?”

“मी एकटी.”

“एकटी? मंग वर पोराची मोठी...” बोलता बोलता रुपरावांना सवय आठवली. “राहाले पाहता का दाखवाले?”

“मले काय दाखवाचं हाय गा आता? राहाची हाय. भाडं कांड्या भरून देईन.”

आपला प्रश्न कुणीतरी नीट ऐकून उत्तर दिले, असे रुपरावांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडले. त्यांनी किल्ली दिली.

चंपतरावांना हे फार लागले. शेजारीपाजारी काय म्हणतील? (शेजाऱ्यांची नावे ठाऊक नव्हती.) कचेरीत त्यांनी सांगितले की आईंचे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावर त्यांच्यासाठी वेगळी जागा घेतली आहे. कचेरीत त्यांचे कौतुक झाले. एका सहकाऱ्याने तर सांगितले की असा पुत्र घरोघरी असावा. तीन-चारदा ऐकल्यावर ते चंपतरावांनाही पटू लागले.

सर्वांत आधी नीला खाली गेली. आजीजवळ निजायला. रात्री आजी गोष्ट सांगे आणि पलंगाच्या फटीपेक्षा गोधडी बरी. मग देवकी. फोडणी द्यायची तर खाली दिलेली बरी, वास बैठकीत जात नाही. बेसनाच्या पाटोड्या करायच्या, करा खालीच. एकदा चूल खाली पेटली की दुसरी वर कशाला पेटवा? वरचे स्वयंपाकघर चकचकीत राहू लागले आणि चंपतरावांनी बायकोच्या टापटिपीची तारीफ केली. जेवायला मात्र त्यांना खाली यावे लागे. जेवल्यावर तिथेच भिंतीला पाठ टेकून ते पाच मिनिटे बसत. रहाट घरघरे, आई गुणगुणे, दारातून अंगणातले वारे येई. पाच मिनिटे लांबू लागली. पुढे पुढे ते वर जात ते फक्त कोचाची खोळ झटकायला.

पुढच्या एका एकादशीला कीर्तन झाले. जनाबाईंनी कुणाला विचारले नाही. जागेश्वरबुवा एक खणीच्या उंबऱ्यात उभे राहिले, मागे खोलीत पेटी आणि तबला, पुढे सगळे अंगण श्रोत्यांना. नत्थूजींच्या इमारतीतले तिन्ही वर्ग त्या रात्री एकाच गोणपाटावर बसले. पाच खणीवाल्यांनी आपापल्या शेजाऱ्यांना पहिल्यांदा पाहिले. कोष्टी आले, त्यांच्या तोंडात पान होते, आणि त्यांनी पिंक टाकायला उठून बाहेर जाण्याचा असा शिष्टाचार पाळला की चंपतरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. बुवा उंबऱ्यावरून पुढे येत, मागे खोलीत जात. एका खणात त्यांना त्रैलोक्य पुरले.

आणि पूर्वरंग संपत आला तेव्हा फाटकातून सुपरिंटेंडेंट गणपतरावसाहेब आत आले.

साहेब कीर्तनाचे वेडे होते. हे कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हते, कारण साहेबाला कशाचे वेड असेल अशी कल्पना कारकुनाच्या मनाला शिवत नाही. जागेश्वरबुवा कुठे उभे राहणार असा पत्ता लागला की ते हॅट घरी ठेवून येत. चंपतरावांनी त्यांना पाहिले आणि ते उठले ते धावतच सुटले. मागचा जिना, किल्ली, दिवा, कोचाची खोळ, खुर्च्यांच्या खोळी, जाजमावरची चादर. कपबशांवर एकदा फडके. सगळे लखलखीत करून ते धापा टाकत खाली आले.

साहेब गोणपाटावरसुद्धा नव्हते. ते जनाबाईंच्या गोधडीवर बसले होते, मांडीला मांडी लावून, दोन कोष्ट्यांच्या मध्ये. जनाबाई त्यांना सांगत होत्या, “बस गा बापू, सैल बस. पाय पसर. कवाचा दमून आला असशीन.” आणि साहेबांनी, जे कचेरीत खुर्चीवरही कधी सैल बसले नव्हते, खरोखरच पाय पसरले होते.

चंपतराव वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, “साहेब, वर बैठक आहे. आमच्याकडे. कोच आहे.”

“बैठक? वर?” साहेबांनी वर पाहिले. अंधाऱ्या इमारतीत एकच खिडकी झगझगत होती. “अरे वा. तिथे कोण राहतं?”

चंपतरावांनी मनातल्या मनात पाचही खण फिरून पाहिले; माणूस एकही सापडला नाही.

“बसा हो इथेच,” साहेब म्हणाले. “किती ऐसपैस जागा आहे तुमची!”

आख्यान पुंडलिकाचे लागले. बुवांना चालू काळचे शब्द घालायची सवय. “देव दारात उभा!” बुवांनी आवाज चढवला. “साक्षात वैकुंठीचा साहेब! म्हणतो, येऊ का? अन् पुंडलिक काय म्हणतो? म्हणतो, थांबा! आईबापाचे पाय चेपून राहिलो! मग देवाले बसाले काय दिलं? कोच दिला? खुर्ची दिली? वीट फेकली, वीट! अन् देव उभा राहिला!” (या गैरसोयीबद्दल देवाची अद्याप कोणतीही लेखी तक्रार आलेली नाही.)

अंगण विठ्ठलनामाने भरून गेले. साहेब डोळे पुसत होते. चंपतरावही पुसत होते. वरच्या खिडकीत रिकामा कोच दिव्याच्या उजेडात न्हात होता आणि कुणाचेच डोळे पुसत नव्हता. आरती झाली. जनाबाईंनी साहेबांच्या हातावर खिरापत ठेवली, मग पोराच्या हातावर ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “झालं गा बापा,” त्या म्हणाल्या. “तुया घरी झालं.” आपल्या कुठल्या घरी, हे चंपतरावांनी विचारले नाही. त्या रात्री ते खालीच निजले.

आता कुणी म्हणेल, मग त्यांनी पाच खणी सोडली असेल. छे. साहेबांना बैठक आहे हे आता ठाऊक झाले. एकदा ठाऊक झाल्यावर ते कधीही येऊ शकतात. त्यामुळे पाच खणी कायम आहे आणि तिच्यात कोच, खुर्च्या, कपाट, पलंग व हॅटचा स्टँड अशी पाच मंडळी वास्तव्यास आहेत. हिशेबाने एका खणाला एक. कुणाची कुणाला अडचण नाही. खाली एका खणात चार माणसे, एक रहाट आणि येणारे-जाणारे राहतात. नत्थूजींनी हे पाहून नव्या इमारतीत सगळ्याच जागा पाच खणी काढल्या, कारण भाडे देऊनही जागा न वापरणारा भाडेकरू त्यांना फार आवडला. त्यांच्या आई अजून उमरेडलाच असतात.

वाचक इथवर हसले असतील तर बरे झाले. चंपतरावांना हसण्यासारखेच ते वागले. फक्त हसता हसता आपण हे कुठे बसून वाचतो आहोत ते एकदा पाहून घ्यावे. खाटेची कड असेल, स्वयंपाकघराचा उंबरा असेल, नाहीतर जिन्याची पायरी. बैठकीत नक्कीच नसाल. बैठकीत झाकून ठेवलेली एक चांगली खुर्ची आहे, आणि एक मोठा माणूस येईल म्हणून तुम्ही तिची खोळ काढलेली नाही. ती आता काढायला हरकत नाही. तो माणूस मागेच येऊन गेला. पाय धुळीचे होते, म्हणून आपण त्याला मागच्या जिन्याने वर आणले.